घराजवळून पक्षीनिरीक्षण: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाची वाट

पक्षीनिरीक्षण सुरू करू इच्छिणाऱ्या बहुतेकांच्या मनात एखाद्या प्रसिद्ध अभयारण्याचे नाव आणि मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याची किंमत आधीपासूनच घोळत असते. माझा सल्ला याच्या उलट आहे. पहिले वर्ष घरापासून पायी जाता येईल अशा एकाच जागेला आणि तिथे नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांना द्यावे. ज्याने साळुंकी शंभरदा नीट पाहिली आहे, त्याला भांगपाडी मैना नुसती उडत गेली तरी ‘ही साळुंकी नव्हे’ एवढे तत्काळ कळते. ज्याने साळुंकीकडे कधी लक्षच दिलेले नाही, त्याच्यासमोर भांगपाडी मैना तासभर बसून राहिली तरी ती त्याच्या लेखी ‘कोणता तरी पक्षी’च असते. पुढे जे सांगितले आहे ते पुणे आणि आसपासच्या परिसरातल्या अनुभवावर आधारलेले आहे, त्यामुळे कोकणात किंवा विदर्भात राहणाऱ्यांना पक्ष्यांची यादी थोडी बदलून घ्यावी लागेल. पद्धत मात्र तीच राहील.

पहिली पायरी: एक जागा ठरवणे

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. वड, पिंपळ किंवा उंबर यांपैकी एखादे जुने झाड असावे, जवळपास थोडेफार पाणी असावे, आणि माळीकाम करून साफ न केलेला झुडपांचा किंवा गवताचा एखादा तुकडा असावा. सोसायटीचे मागचे आवार, शाळेचे मैदान, ओढ्याचा काठ, टेकडीची पायवाट यांपैकी काहीही चालते. पुण्यात वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव जवळ असणारे भाग्यवान आहेत, परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतूनही वर्षभरात एवढे काही दिसते की ती गच्ची कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

सूर्योदयापासून पुढचे दोन तास ही सर्वांत चांगली वेळ असते, त्याखालोखाल सूर्यास्तापूर्वीचा तास. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बाजूला बसावे, अन्यथा समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. कपडे मातकट किंवा फिकट हिरव्या रंगाचे असावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीला चालू नये, बसावे. माणूस आला की पक्षी गप्प होतात आणि पानांआड जातात; तो हालचाल न करता बसून राहिला तर दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे व्यवहार पूर्ववत सुरू होतात. पहिल्या पाच मिनिटांत ‘इथे काहीच नाही’ असे म्हणून उठून जाणाऱ्यांना खरी जागा दिसलेलीच नसते.

दुसरी पायरी: नाव विचारण्याआधी पाहणे

अनोळखी पक्षी दिसताच पुस्तकात किंवा मोबाइलवर डोके घालण्याचा मोह आवरावा. पुस्तक पळून जाणार नाही, पक्षी जाणार आहे. तो समोर आहे तोवर सर्वप्रथम त्याचा आकार ठरवावा, आणि त्यासाठी चार-पाच ओळखीचे पक्षी मोजपट्टीसारखे वापरावेत: चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, कावळा ४० आणि घार ६० सेंटिमीटर. ‘साळुंकीपेक्षा लहान, पण बुलबुलाहून थोराड’ असे मनात म्हणता आले की निम्मे काम झाले.

मग चोच पाहावी, कारण पक्षी काय खातो ते ती सांगते. मुनियेची आखूड जाड चोच बी फोडण्यासाठी, शिंजीराची बारीक बाकदार चोच फुलातला मधुरस घेण्यासाठी, तर बगळ्याची लांब सरळ चोच मासा टिपण्यासाठी असते. त्यानंतर शेपटी: ती लांब आहे की आखूड, दुभंगलेली आहे की गोलसर, आणि पक्षी ती कशी ठेवतो. चीरक आणि दयाळ शेपटी उभारतात, धोबी सतत खालीवर हलवतो, नाचण पंख्यासारखी पसरून इकडेतिकडे वळतो.

याचा सराव करायला विजेच्या तारेइतकी चांगली जागा दुसरी नाही. गावाबाहेरच्या एकाच तारेवर कोतवाल, वेडा राघू, खंड्या आणि होला असे चौघे पुष्कळदा थोड्या थोड्या अंतराने बसलेले असतात. कोतवाल ताठ बसतो, खोल दुभंगलेली शेपटी लोंबत असते, आणि हवेतला किडा पकडून तो बहुधा त्याच जागी परततो. वेडा राघूही उडता किडा पकडतो, परंतु मधमाशी मिळाली तर ती गिळण्याआधी तारेवर आपटून आणि घासून तिची नांगी काढून टाकतो. ही क्रिया दुर्बिणीशिवायही स्पष्ट दिसते. खंड्या पाण्यापासून बराच लांब आढळतो आणि जमिनीवरचे नाकतोडे व सरडे टिपतो, त्यामुळे ‘खंड्या म्हणजे मासे’ हे समीकरण तिथेच सुटते. होला मात्र कधी किड्यामागे झेपावत नाही. दाणे वेचण्यासाठी तो जमिनीवर उतरतो. या चौघांचा एकही रंग न पाहता केवळ वागण्यावरून त्यांना वेगळे करता येते.

रंग मी शेवटी ठेवतो, कारण रंग फसवतो. जांभळ्या शिंजीराचा नर सावलीत कोळशासारखा काळा दिसतो आणि उन्हात तोच निळा-जांभळा चमकतो. त्याची मादी वरून मातकट व खालून फिकट पिवळी असते. आणि विणीचा काळ संपला की नरही तिच्यासारखाच दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. नदीकाठी चिखलाच्या रंगात मिसळून बसलेला वंचक उडाला की त्याचे पंख एकदम पांढरेशुभ्र दिसतात, आणि नवख्या माणसाची खात्री होते की बसलेला पक्षी एक होता आणि उडालेला दुसराच.

तिसरी पायरी: कान

दाट झाडीत पाहण्याआधी ऐकूच येते. आरंभी पाच-सहा आवाज पुरेत, आणि त्यांची निवड आपल्या जागेनेच करावी. उन्हाळा जवळ आला की तांबट एकसुरी ‘टुक-टुक-टुक’ करत राहतो आणि तो वाळक्या फांदीच्या टोकाशी बसलेला असतो. शिंपी मुठीत मावेल एवढा लहान, परंतु त्याचा आवाज त्याच्या देहाच्या मानाने फारच मोठा. दयाळाची शीळ पहाटे, अंधार असतानाच सुरू होते. टिटवी रात्रीही ओरडते. ‘कुहू’ हा कोकिळाच्या नराचा, काळ्या कुळकुळीत लाल डोळ्यांच्या पक्ष्याचा आवाज. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी ‘किक-किक-किक’ असा घाईघाईचा आवाज काढते.

याशिवाय धोक्याचे आवाज ओळखायला शिकावे, कारण त्यांतून न दिसणाऱ्या गोष्टी कळतात. बुलबुल, साळुंक्या आणि खारी एकदम कलकलाट करू लागल्या आणि सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला असले, तर त्या दिशेच्या झाडात शिक्रा हा शिकारी पक्षी किंवा मांजर असण्याची शक्यता मोठी असते. मला शिक्रा पुष्कळदा असाच सापडतो. त्याला मी शोधत नाही, सातभाई पक्षी मला तो दाखवतात. ही दाट झाडाकडे वळलेली भेदरलेली डोकी पाहिली की आपण ज्याला शांत परिसर म्हणतो तिथे सतत किती बातम्यांची देवाणघेवाण चालू असते ते उमगते, आणि माझ्या लेखी या छंदाचा सर्वांत मोठा आनंद तोच आहे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे मोफत ॲप मोबाइलवर ऐकू येणारा आवाज कोणाचा असावा ते सुचवते. ते जरूर वापरावे, परंतु त्याने दिलेले नाव ही सूचना समजावी, निकाल नव्हे. कोतवालासारखे पक्षी इतरांची नक्कल करतात, शिक्र्याचीही करतात; म्हणून पक्षी डोळ्यांनी पाहिल्यावरच नाव पक्के करावे.

चौथी पायरी: वही

खिशात मावणारी वही आणि पेन्सिल हवी. पावसात शाई पसरते. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, हवा, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता एवढे लिहावे. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तोच सर्वांत मोलाचा असतो. ‘बुलबुल, २’ या नोंदीला दोन वर्षांनी काही अर्थ उरत नाही. ‘बुलबुल, २, घाणेरीची फळे तोडून भिंतीवरच्या पिलांकडे नेत होते’ या नोंदीतून वीण, अन्न आणि ऋतू तिन्ही कळतात. चित्र काढता येत नसले तरी चोच, शेपटी आणि पंखावरचे पट्टे यांचे ओबडधोबड रेखाटन करावे, कारण हात चालवण्यासाठी डोळ्याला नीट पाहावेच लागते. मराठीत एकाच पक्ष्याला जिल्ह्याजिल्ह्यात निरनिराळी नावे असल्यामुळे शक्य तिथे शास्त्रीय नावही लिहून ठेवावे.

नोंद खरी असणे किती महत्त्वाचे असते याचे महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. रान पिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाला सापडले नव्हते. या काळातला त्याचा एकमेव नमुना १९१४ साली गुजरातमध्ये मिळाल्याची नोंद रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने केलेली होती, आणि शोधणारे त्या नोंदीवर विसंबून राहिले. पुढे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद खोटी असल्याचे, म्हणजे नमुना दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरून त्याला नवे लेबल लावल्याचे दाखवून दिले. मग जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात रान पिंगळा जिवंत सापडला. म्हणून जे दिसले तेवढेच लिहावे, आणि शंका असेल तर शंका लिहावी.

पाचवी पायरी: दुर्बीण, आणि तीही आता

पहिले दोन-तीन महिने उघड्या डोळ्यांनी गेल्यावर दुर्बीण घ्यावी. तिच्यावर ८×४२ असे दोन आकडे असतात: पहिला किती पट मोठे दिसते तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्यासाठी ८×४२ हीच उत्तम. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो आणि दृश्याचा पट्टा बहुधा अरुंद असतो, त्यामुळे फांद्यांत हलणारा वटवट्यासारखा छोटा पक्षी सापडतच नाही. ‘झूम’ असलेल्या आणि रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या दुर्बिणी टाळाव्यात. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडची रबरी कडी खाली करून पाहावे.

जुळवणी अशी करावी. दोन्ही नळ्यांमधले अंतर डोळ्यांप्रमाणे बसवावे, म्हणजे एकच वर्तुळ दिसते. उजवा डोळा मिटून, मधले चाक फिरवून दूरची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करावी. मग डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. यानंतर फक्त मधले चाक वापरायचे. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून ठेवावी आणि दुर्बीण डोळ्यांकडे आणावी. मान खाली घालून दुर्बीण उचलली की पक्षी हरवतो. घरच्या खिडकीतून समोरच्या झाडाच्या ठरावीक पानावर हा सराव आठवडाभर करावा.

सहावी पायरी: ऋतूंप्रमाणे काय पाहावे

एकाच जागेचा खरा लाभ इथे मिळतो, कारण जागा तीच राहते आणि पाहुणे बदलतात.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत पांगारा, काटेसावर आणि पळस फुलतात. यांपैकी एका झाडाखाली सकाळी तासभर बसणे हा माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत चांगला धडा आहे: साळुंकी, भांगपाडी मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, टकाचोर आणि खारी एकाच झाडावर येतात, एकमेकांना हुसकावतात, आणि परागाने माखलेल्या चोची घेऊन पुढच्या झाडाकडे जातात. याच दिवसांत परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, मोठे थवे दिसतात. मध्य आशियाकडे जाण्यापूर्वी त्या पळसावर आणि वडा-पिंपळाच्या फळांवर तुटून पडतात. वड किंवा उंबर फळला की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल शोधावा. तो पानांच्या रंगात इतका मिसळतो की पिकली फळे टपटप पडण्याच्या आवाजावरून वर पाहावे लागते.

एप्रिल-मे हे कावळ्यांच्या घरट्यांचे आणि कोकिळाच्या लगबगीचे महिने. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात असतात हे सर्वांना माहीत असते, पण पावसाळ्यात मोठ्या झालेल्या कोकिळाच्या पिलाला कावळा भरवताना फारच थोड्यांनी पाहिलेले असते. एखादे पिलू किरकिऱ्या आवाजात सारखे मागत आहे आणि कावळा त्याच्या तोंडात घास देत आहे असे दिसले तर थांबून पाहावे. शहरातल्या रस्त्यावरच्या कोणत्याही झाडावर हे घडते.

जूनच्या सुमारास आफ्रिकेतून चातक येतो, पावशाचा ‘पेर्ते व्हा’ दिवसभर ऐकू येतो, गायबगळ्याच्या डोक्यावर व मानेवर केशरी रंग चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची वसाहत पाहावी. घरटे नर विणतो. अर्धे झाल्यावर मादी येऊन तपासते, तिला पसंत पडले तरच पुढचे काम होते, म्हणून झाडावर अर्धवट सोडलेली घरटी लोंबत असतात.

सप्टेंबरमध्ये करडा धोबी हा हिवाळी पाहुण्यांपैकी पहिल्यांत येतो. ऑक्टोबरात भिंगऱ्यांच्या रांगा तारांवर बसू लागतात आणि सोसायटीच्या कुंपणावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा दिसतो. आपल्या जागेवर करडा धोबी, थिरथिरा आणि भोरडी पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसली ते दर वर्षी लिहून ठेवावे.

सातवी पायरी: बाहेर पडणे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण आहे. उजनी धरणाच्या पाण्याकाठी कुंभारगाव, डिकसळ ही गावे असून तिथले तरुण होडीतून पक्षी दाखवतात. त्यांचे डोळे तयार असतात, म्हणून त्यांचे ऐकावे आणि त्यांना योग्य मोबदला द्यावा. हिवाळ्यात पट्टकदंब हंस, तलवार बदक, थापट्या दिसतात. रोहित पक्षी उथळ पाण्यात चरतो, त्यामुळे पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडल्यावर जावे. नाशिककडच्यांना गोदावरीवरचे नांदूर मधमेश्वर जवळ आहे. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२० साली समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. मुंबईकरांसाठी कर्नाळा आणि ठाणे खाडी आहेत.

पुण्याजवळच्या कवडीपाटला मुद्दाम जावे, कारण तिथे मुळा-मुठेतून आलेले शहराचे सांडपाणी आणि कचरा यांच्यामध्येच शेकाट्या, चक्रवाक आणि धोबी चरताना दिसतात. पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगले आहे असा अर्थ कोणी काढू नये. घाण पाण्यात किड्यांच्या अळ्या भरपूर होतात आणि शेकाट्यासारखे पक्षी त्यांवर जगतात, तर स्वच्छ पाणी लागणारे जीव मुकाट्याने नाहीसे झालेले असतात. तसेच माळरानाला ‘पडीक जमीन’ म्हणू नये. चंडोल, धाविक आणि पखुर्डी यांना उघडे गवतच लागते, आणि तिथे रांगेने लावलेली झाडे त्यांचे घर संपवतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात हे माळ आणि त्यांतली चिंकारा हरणे पाहता येतात.

पाळावयाचे नियम

घरट्याजवळ जाऊ नये, फोटोसाठी फांद्या बाजूला करू नयेत, आणि ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावू नये. तो प्रतिस्पर्धी आला असे समजून विणीच्या काळात अन्न शोधणे सोडून धावत येतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर अंडी खड्यांमध्येच कुठेतरी आहेत असे समजून, पायाखाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरावे. घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता समाजमाध्यमावर कधीही देऊ नये. आपल्याकडचा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना सौम्यपणे सांगावे.

उन्हाळ्यात जमिनीवर पंख फुटलेले पण उडता न येणारे पिलू सापडले तर ते बहुधा अनाथ नसते. त्याचे आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरांचा धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपात किंवा फांदीवर ठेवावे आणि दूर व्हावे. माणसाचा हात लागल्याने आईबाप पिलाला टाकतात ही समजूत खरी नाही. त्याला घरी नेऊन दूध-पोळी भरवणे मात्र जिवावर बेतते. पाणी ठेवायचे असेल तर पसरट मातीचे भांडे, दोन बोटे पाणी, मध्ये एक दगड, आणि रोज घासून धुणे. भांडे रोज धुणे जमणार नसेल तर ठेवू नये, कारण साचलेल्या पाण्यातून रोग पसरतात आणि डास होतात.

शेवटची पायरी: नोंदी इतरांपर्यंत पोहोचवणे

वहीतल्या नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत संकेतस्थळावर भरता येतात. दिसलेल्या प्रत्येक ओळखलेल्या पक्ष्याची, कावळ्या-पारव्यांसह, पूर्ण यादी द्यावी. फक्त वेगळे पक्षी लिहिले तर नेहमीचे पक्षी कमी होत आहेत हे कधीच कळत नाही. सुरुवातीसाठी फेब्रुवारीतली चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना सोयीची आहे: एका जागी निदान १५ मिनिटे थांबून मोजायचे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात अनेक गावांत अनुभवी निरीक्षकांबरोबर फेऱ्या निघतात आणि त्यांत सामील होण्यासाठी काहीही येण्याची अट नसते. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात ते पाहावे आणि तेवढ्या मापाने सगळा थवा मोजावा. आणि बोरूत लपलेला वटवट्या नेमका कोणता ते कळले नाही तर यादीत नुसते ‘वटवट्या’ असा कुलापर्यंतचा पर्याय असतो, तोच निवडावा.